कॅलेंडरवरचे अकरा गोल

परवा दिवेलागणीला माझा एक जुना विद्यार्थी घरी आला. हातात कालनिर्णय, भिंतीवरून काढून, गुंडाळून, रबर लावून आणलेलं. आता तो स्वतः लेकरांना पोहायला शिकवतो. वीस-बावीस लेकरं आहेत त्याच्याकडे. निम्मी शिकवणी मळ्यातल्या विहिरीवर, निम्मी जीप करून बाहेरगावच्या तलावावर. त्यानं कॅलेंडर ओट्यावर पसरलं आणि उडू नये म्हणून कोपऱ्यांवर पेले ठेवले. लाल पेनानं केलेले अकरा गोल.

"सर, यंदा अकरा स्पर्धा. लेकरं घासून निघतील."

मी चष्मा पुसला आणि आत हाक मारून पेन्सिल मागवली, खोडरबरासकट. पुढच्या तासाभरात त्याला जे सांगितलं तेच इथं लिहितो आहे, कारण प्रश्न त्याच्या एकट्याचा नाही. सेलूच्या बाजारात भाजी घेताना, स्टेशनवर तपोवनची वाट बघताना आईबाप मला गाठून हेच विचारतात : सर, वर्षातून किती स्पर्धांना न्यावं?

आकडा शेवटी सांगतो. आधी हिशेब शिक.

स्पर्धा मोजू नको, बुडालेले दिवस मोज. पुण्याची एक स्पर्धा धर, बालेवाडीची म्हण, शनिवार-रविवारची. शुक्रवारी दुपारपासून पिशव्या भरणं सुरू, म्हणजे त्या दिवशीचं पोहणं गेलं. रात्रभर गाडीत अवघडून झोप. शनिवारी सकाळी पन्नास मीटर फ्रीस्टाइलची हीट; लेकरू पाण्यात असतं चाळीस सेकंद. रविवारी आणखी एक शर्यत. पुन्हा रात्रभर प्रवास. सोमवारी शाळेत ते बाकावर डोकं टेकतं आणि संध्याकाळी विहिरीवर आलंच तर नुसतं काठावर बसून राहतं. चार दिवस गेले आणि शर्यतीचं पोहणं झालं दीड मिनिट. तिकिटं, राहणं, खाणं वेगळंच. आपल्याकडच्या कितीतरी घरांत तो पैसा कापूस विकून आलेला असतो, हे विसरू नको.

पुण्यात टिळक तलावावर पोहणाऱ्या पोराला हीच स्पर्धा स्कूटरवर अर्ध्या तासाच्या अंतरावर. सकाळी पोहून दुपारी घरी वरणभात खाऊन झोपतं ते. त्यानं वर्षात पंधरा स्पर्धा केल्या तरी त्याचा सराव फारसा बुडत नाही. त्याचं वेळापत्रक उचलून तू सेलूला लावलंस, तर ते कोकणातला भात आपल्या काळ्या रानात लावल्यासारखं होईल.

आपलं पाण्याचं वर्षच मुळात आखूड. मार्च ते जून हा खरा हंगाम. मग शाळा सुरू होते. पावसात विहिरी भरतात, पण पाणी गढूळ आणि पायऱ्या निसरड्या. हिवाळ्यात उघड्या तलावाचं पाणी लेकरांचे ओठ निळे करतं. आणि दुष्काळ पडला तर सगळंच खुंटीला. 2016 चा उन्हाळा आठव. एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला रेल्वेनं पिण्याचं पाणी आलं. तेव्हा पोहायच्या तलावात पाणी सोडा, असं म्हणायची कुणाची छाती होती? आपल्या विहिरीच्या कपारी उघड्या पडल्या होत्या. त्या वर्षी तुम्ही पोरं याच ओट्यावर पालथी पडून हात मारत होता आणि शेजारपाजारचे हसत होते. चांगल्या वर्षी आपल्याला शंभर-सव्वाशे दिवस नीट पाणी मिळतं. अकरा गुणिले चार किती? कॅलेंडरच्या मागच्या बाजूला मी मांडून दाखवलं : चव्वेचाळीस. तो काही बोलला नाही. पेला उचलून पाणी प्याला, आणि कॅलेंडरचा तो कोपरा गुंडाळला गेला.

हे शहाणपण मी पोटातून घेऊन आलो नव्हतो. माझ्या हातून एक लेकरू बिघडलेलं आहे. बारा वर्षांचा पोरगा, ब्रेस्टस्ट्रोक असा की बेडकानं बघत राहावं. एका उन्हाळ्यात मी त्याला सात आठवड्यांत पाच स्पर्धांना फिरवलं. पहिलीत दुसरा आला. माझीच छाती फुगली. पण शेवटी भिंत शिवताना त्याचा डावा हात जरा उशिरा येतो, हे मला तेव्हाच दिसलं होतं. पंचांच्या नजरेतून सुटलं एवढंच. ब्रेस्टस्ट्रोक आणि बटरफ्लायमध्ये दोन्ही हात एकाच वेळी भिंतीला लागावे लागतात. दुसरीत तिसरा आला. तिसऱ्या स्पर्धेत पंचांनी बरोबर पकडलं आणि तो बाद झाला. चौथीत वेळ पहिलीपेक्षा दोन सेकंदांनी वाढली. पाचवीत ब्लॉकवर चढायच्या आधी त्यानं माझं मनगट धरलं आणि म्हणाला, "सर, पोटात दुखतंय." मला वाटलं, नाटक. "चढ वर," म्हणालो. तो पोहला, शेवटून दुसरा आला आणि पुढच्या उन्हाळ्यात विहिरीवर फिरकला नाही. अजून कधी मोंढ्यात भेटतो, चांगलं बोलतो. पोहण्याचा विषय तोही काढत नाही आणि मीही नाही.

नंतर मी वही उघडून बघितली. पाच स्पर्धांच्या नोंदी होत्या आणि त्या डाव्या हाताची खोड मोडायला दिलेला एकही दिवस नव्हता. देणार कुठून? दर वेळी पुढची स्पर्धा दहा-बारा दिवसांवर. म्हणून सांगतो, दोन स्पर्धांमध्ये निदान चार आठवडे ठेव. पहिला आठवडा शीण उतरण्यात आणि काय चुकलं ते समजून घेण्यात जातो. उरलेले तीन खोड मोडायला लागतात, आणि लेकराची खोड एका दिवसात मोडत नाही हे घरी पोरं असलेल्या माणसाला काय सांगायचं!

आता विश्रांतीचं. मोठ्या स्पर्धेआधी सराव कमी करतात, टेपर म्हणतात त्याला. पद्धत चांगली आहे, शास्त्रानं तपासलेली आहे. मोठ्या पोहणाऱ्यांसाठी साधारण दोन आठवडे आधीपासून अंतर निम्म्यावर आणतात, पण वेग तोच ठेवतात. लोक नेमकं उलटं करतात, अंतर तेवढंच ठेवून लेकराला सावकाश पोहायला लावतात. पण मुद्दा तो नाही. अकरा स्पर्धांच्या आधी प्रत्येकी पाच दिवस जरी हलका सराव केलास तरी पंचावन्न दिवस झाले. मग लेकरू कष्ट कधी करणार? टेपर वर्षातून दोनदाच, तोही चौदा-पंधराच्या पुढच्यांना. बाकीच्या स्पर्धांना लेकरू थकलेलंच जाऊ दे. आदल्या दिवशीही नेहमीसारखं पोहू दे. वेळ वाईट येईल, ती मी आणि तू वहीत लिहू आणि आईबापाला आधीच सांगून ठेवू की यावेळी आकडा बघायचा नाही.

इश्तवान बाली म्हणून एक क्रीडाशास्त्रज्ञ आहेत, मूळचे हंगेरीचे, काम कॅनडात. त्यांनी वाढत्या वयाच्या खेळाडूंसाठी जे प्रमाण मांडलं ते मला पटतं. शिकायच्या वयात, म्हणजे साधारण बारापर्यंत, सत्तर टक्के सराव आणि तीस टक्के स्पर्धा. त्यापुढच्या तीन-चार वर्षांत साठ आणि चाळीस. आणि ऐक, त्या तीस टक्क्यांत नुसत्या बाहेरगावच्या स्पर्धा नाहीत. सरावात लावलेल्या शर्यती, घड्याळाशी पोहणं, सगळं त्यात आलं. म्हणजे स्पर्धा हवीच, पण ती बहुतेक घरच्या पाण्यात हवी.

म्हणून रविवारची शर्यत. हे माझं सगळ्यात लाडकं. महिन्यातून दोन रविवारी, सकाळी सहाला, तलाव मिळेल त्या दिवशी तलावावर, नाहीतर विहिरीवर. पण ती खरी स्पर्धा असल्यासारखी लाव. आधी तुटक शिट्ट्या, मग एक लांब शिट्टी, लेकरू कठड्यावर उभं. मग "टेक युवर मार्क्स", आणि सगळी लेकरं दगडासारखी स्थिर झाल्याशिवाय पुढची शिट्टी द्यायची नाही. जो आधी हलला तो बाद, पोहायचंच नाही त्यानं. पहिल्या रविवारी चार लेकरं रडतील. दुसऱ्या रविवारी एकही हलणार नाही. हे रडणं सेलूत झालेलं बरं. बालेवाडीला रात्रभर प्रवास करून जाऊन झालं तर ते वर्षभर मनात राहतं. विहिरीत शिकलेल्या लेकरांचं एक वेगळं आहे. कमरेला डबा बांधून शिकलेली ही पोरं दमाला भारी असतात, पाण्याला भीत नाहीत, सूर मारतात तो वीस फुटांवरून. पण गोल विहिरीत भिंतीशी गिरकी घेऊन वळणं शिकता येत नाही, आणि शंभर मीटरची शर्यत वळणावरच निसटते. तलावाचे दिवस त्या वळणासाठी राख, लांब अंतरासाठी नको. लांब अंतर विहिरीत गोल-गोल फिरूनही होतं.

आणि शेततळ्यात मात्र एकाही लेकराला उतरवू नको. त्या प्लास्टिकच्या कागदावर पट्टीच्या पोहणाऱ्याचाही पाय टिकत नाही. दुधनेच्या धरणाचंही तेच. पाणी कितीही शांत दिसू दे.

वही ठेव. प्रत्येक लेकराची वेगळी. तारीख, तलाव पंचवीसचा की पन्नासचा, वेळ, आणि एका लांबीला हात किती मारले ते. पंचवीसच्या तलावात वेळ थोडी चांगलीच दिसते, कारण वळताना भिंतीला लाथ मारून फुकटचा रेटा मिळतो. ती वेळ पन्नासच्या वेळेशेजारी लिहून आईबापाला दाखवलीस की ते म्हणणार, पोरगं मागं गेलं. दोन रकाने वेगळे आख. शेवटी एक मोकळी ओळ सोड आणि तिथं लेकरालाच लिहायला सांग, काय वाटलं ते. एका पोरीनं लिहिलं होतं : "शेजारच्या लेनमधल्या मुलीची टोपी खूप छान होती." मी पान उलटून तिची वेळ बघितली. वाढली होती. पुढचा महिनाभर मी तिला एकच शिकवलं, शेजारी बघायचं नाही. ही ओळ नसती तर मी तिचे हात सुधारत बसलो असतो.

पालक म्हणतात, जास्त स्पर्धा केल्या की भीती मोडते. थोडं खरं आहे त्यात. पण भीती मोडते ती तीन-चार स्पर्धांत. त्यानंतर मोडतो तो उत्साह.

मोठ्यांकडे बघायचं तर नीट बघ. कोल्हापूरचा वीरधवल खाडे 2008 मध्ये बीजिंग ऑलिंपिकला उतरला तेव्हा सतरा वर्षांचाही झालेला नव्हता. 2010 ला ग्वांगझूच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर बटरफ्लायचं कांस्यपदक त्यानं आणलं. त्या स्पर्धेत पोहण्यातलं भारताचं पदक चोवीस वर्षांनी आलं होतं. पुढं तो तहसीलदार झाला, नोकरी सांभाळून पुन्हा पाण्यात आला आणि 2018 ला जाकार्ताच्या आशियाई स्पर्धेत पन्नास मीटर फ्रीस्टाइलचं कांस्य त्याचं हुकलं ते सेकंदाच्या एक शतांशानं. लोक त्याची पदकं सांगतात. मी माझ्या लेकरांना सांगतो की कोल्हापूरसारख्या पोहणाऱ्यांच्या गावातलं पोरगं, पण त्यालाही चांगल्या सरावासाठी घर सोडून बेंगळुरूला निहार अमीन यांच्याकडे जावं लागलं. तो गेला तो सरावासाठी, स्पर्धा गोळा करायला नव्हे. अमेरिकेचा मायकेल फेल्प्स पंधराव्या वर्षी सिडनी ऑलिंपिकला गेला आणि दोनशे मीटर बटरफ्लायमध्ये पाचवा आला. पदक नाही. घरी जाऊन पाण्यात उतरला आणि सोळावं लागायच्या आत त्याच शर्यतीचा जागतिक विक्रम केला. आपल्याला फेल्प्स घडवायचा नाही, ती हाव धरू नको. पण हरून आल्यावर पुढच्या शनिवारी दुसरी स्पर्धा शोधायची नसते, एवढं त्याच्याकडून घेण्यासारखं आहे.

मग आला कागदाचा विषय. अकरापैकी तीन गोल अशा स्पर्धांचे होते ज्यांच्या नावात 'राष्ट्रीय' होतं आणि पत्रकावर प्रवेश फी ठळक होती. मी विचारलं, मान्यता कुणाची? त्याला माहीत नव्हतं. नोकरीत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे, दहावी-बारावीला क्रीडागुण मिळतात, म्हणून पालक प्रमाणपत्राच्या मागे असतात. त्यात गैर काही नाही. पण कोणत्याही संस्थेचा रंगीत कागद तिथं चालत नाही. शालेय स्पर्धा असतील, नाहीतर राज्य संघटनेच्या आणि तिच्यावरच्या भारतीय जलतरण महासंघाच्या असतील, तरच त्या कागदाला किंमत; आणि तोही सरकार तपासून घेतं. राज्यात बोगस क्रीडा प्रमाणपत्रांची प्रकरणं बाहेर आली ती उगाच नाही. ते तीन गोल मी आधी खोडले. त्यासाठी फार विचार करावा लागला नाही.

शालेय स्पर्धा मात्र सोडू नको. चौदा, सतरा आणि एकोणीस वर्षांखालचे गट. जिल्हा, विभाग, राज्य अशी शिडी. लेकरू नव्या गटात गेलं की पहिल्या वर्षी त्याच्यापेक्षा दोन-तीन वर्षांनी मोठी, मिसरूड फुटलेली पोरं शेजारच्या लेनमध्ये असतात. त्या वर्षी नंबर विचारायचाच नाही.

आणखी एक वर्ष जपायचं असतं ते उंची वाढण्याचं. सहा महिन्यांत पँट आखूड होते, हातपाय लांब होतात आणि पोहणं विस्कटतं. वेळ थांबते, कधी मागं जाते. पालक घाबरतात, आणखी स्पर्धा मागतात. त्या वर्षी उलट कमी कर. खांदा दुखतो म्हणालं तर ऐक, मी त्या पोराचं पोट ऐकलं नव्हतं तसं करू नको. आणि पोरी मोठ्या होतात तेव्हा त्यांची अडचण तुला सांगणार नाहीत. एखाद्या मुलीच्या आईला किंवा शाळेतल्या बाईंना सोबत घे, स्पर्धेच्या दिवशी मुलगी "नको" म्हणाली तर कारण विचारत बसू नको.

स्पर्धेच्या सकाळचं जास्त सांगत नाही. डबा घरचा. दोन-अडीच तास आधी पोहे नाहीतर दूध-पोळी, मध्ये केळं, शेंगदाण्याची चिक्की. स्टेशनवरचा वडा शर्यत झाल्यावर. बापानं काठावरून ओरडायचं नाही. पाण्यात डोकं असलेल्या लेकराला ते ऐकूही येत नाही, आणि वर आल्यावर ऐकू येतं ते नेमकं "हात का नाही मारले" एवढंच.

एवढं झाल्यावर मी पेन्सिल धरली. दहा-अकराच्या आतल्या लेकरांना वर्षातून एकच बाहेरची स्पर्धा, तीही जवळची, सकाळी जाऊन संध्याकाळी घरी येता येईल अशी. बाकी रविवारच्या शर्यती. बारा ते चौदाच्यांना चार, फार तर पाच, त्यातली मोठ्या प्रवासाची एकच. पंधराच्या पुढच्यांना शालेय स्पर्धा धरून फार तर सहा, त्यातल्या दोनच मनापासून, टेपरसकट. उरलेल्या सरावाचा भाग म्हणून. दहावी-बारावीच्या वर्षी हिवाळ्यापासून सगळं बंद, फक्त पोहणं चालू, अर्धा तास, डोकं मोकळं होण्यापुरतं.

एक गोल डिसेंबरातला होता, मालवणच्या चिवला बीचवरच्या सागरी स्पर्धेचा. त्याला वाटलं, एवढ्या लांबचा म्हणून सर हाच आधी खोडणार. मी ठेवला. सगळ्यांसाठी नाही; तासभर न थांबता पोहणारी जी दोन मोठी पोरं आहेत त्यांच्यासाठी, आणि तिथल्या कमी अंतराच्या गटात. त्या दिवसांत आपला तलावाचा सराव तसाही अर्ध्यावर आलेला असतो, बुडायला फार काही नसतं. आणि वीस फुटी विहिरीत गोल फिरून पोहायला शिकलेल्या पोरानं एकदा काठ नसलेलं पाणी बघावं, असं मला वाटतं. तिथं वेळ लिहू नको.

अकरातले पाच उरले. पाचही एका लेकराला नाहीत, हे त्याला पुन्हा सांगितलं. त्यानं कॅलेंडर गुंडाळलं, रबर लावलं. जाताना विचारलं, "सर, पालकांना कोण सांगणार?" म्हटलं, त्यांना रविवारी सकाळी सहाला विहिरीवर बोलाव, मी घड्याळ धरायला येतो.